लुई विका : सिमेंटला मोजमाप देणारा अभियंता

आपल्या मंडळाच्या सभासद-कुटुंबांत सिव्हिल इंजिनिअरिंग शिकलेला एक तरी माणूस असतोच. कुणी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले आजोबा, कुणी पाटबंधाऱ्यात काम केलेले काका, कुणी आता शिकत असलेली नात. त्यांच्यापैकी कुणालाही 'विकॅट नीडल' म्हणजे काय ते विचारा. पहिल्याच वर्षी प्रयोगशाळेत हाताळलेली ती सुई सगळ्यांना आठवेल. सिमेंट पाण्यात कालवायचे, छोट्या साच्यात भरायचे, वरून सुई सोडायची आणि ती किती खोल जाते ते बघायचे. परीक्षेत या प्रयोगाला मार्क हमखास मिळतात.

पण ही सुई ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते गृहस्थ कोण होते, हे बहुतेकांना सांगता येत नाही. ते होते लुई विका. फ्रेंच उच्चारात शेवटचा 'ट' येत नाही. आपल्याकडे इंग्रजीतून आल्यामुळे त्यांचे 'विकॅट' झाले. आज आपण ज्या इमारतींत राहतो, ज्या पुलांवरून जातो, त्यांच्या टिकाऊपणामागे या माणसाचे आयुष्यभराचे कष्ट आहेत. म्हणून या वेळी त्यांचा परिचय करून देत आहोत.

पाण्यात न टिकणारा चुना

विका यांचे काम समजण्यासाठी आधी चुन्याविषयी थोडे बोलायला हवे. सिमेंट येण्यापूर्वी जगभर बांधकाम चुन्यात होत असे. चुनखडीचा दगड भट्टीत भाजला की कळीचा चुना तयार होतो. त्यावर पाणी टाकले की तो तापतो, फुटतो आणि त्याचे पीठ होते. याला चुना विरवणे म्हणतात. या चुन्यात वाळू मिसळून गवंडी माल तयार करत. आपल्या वाडवडिलांनी चुन्याची घाणी पाहिली असेल. गोल चरात बैल दगडी चाक फिरवत आणि माल तासन् तास मळला जाई.

शुद्ध चुन्याची एक अडचण असते. तो घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून. हवा लागली तरच तो पुन्हा दगडासारखा होतो. भिंतीच्या गिलाव्यासाठी हे ठीक आहे. पण सहा-सात फूट रुंदीच्या भिंतीच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि तिथला चुना वर्षानुवर्षे मऊच राहतो. पुलाचा खांब तर पाण्यातच उभा असतो. तिथे हा चुना घट्ट होण्याऐवजी हळूहळू विरघळून वाहून जातो.

यावर रोमन लोकांनी उपाय शोधला होता. इटलीतल्या नेपल्सजवळच्या पोत्सुओली गावची ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली की तो पाण्यातही घट्ट होतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. आपल्याकडे हेच काम सुरखीने केले. भाजलेल्या विटांची भुकटी चुन्यात घालण्याची रीत आपल्या गवंड्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. शिवाय नदीनाल्यांच्या काठी आणि काळ्या मातीत सापडणाऱ्या कंकराचा चुना पाण्याच्या कामाला चांगला, हेही त्यांना माहीत होते.

का चांगला, हे मात्र कुणालाच नीट सांगता येत नव्हते. एका खाणीचा चुना पाण्यात दगड बनायचा, तर शेजारच्या खाणीचा चिखल होऊन जायचा. कुणी म्हणे दगड जितका कठीण तितका चुना चांगला, कुणी रंगावरून ठरवी. इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन यांनी १७५६ च्या सुमारास एडिस्टोनच्या दीपगृहासाठी वेगवेगळे चुने तपासले. ज्या चुनखडीत चिकणमातीचा अंश असतो तिचाच चुना पाण्यात घट्ट होतो, हे त्यांच्या लक्षात आले. ही फार मोठी गोष्ट होती. पण त्यापुढचे प्रश्न तसेच राहिले. माती किती हवी? ती निसर्गानेच घातलेली असायला हवी, की आपण घातली तरी चालेल? आणि चुना चांगला की वाईट, हे बांधकामाआधी ओळखायचे कसे?

सुयाकचा पूल

लुई विका यांचा जन्म ३१ मार्च १७८६ रोजी फ्रान्समधल्या नेव्हेर या गावी झाला. वडील सैन्यात होते. घराण्याची मुळे आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या ग्रेनोबल परिसरात होती आणि पुढे विका यांचे आयुष्यही बरेचसे तिथेच गेले. ते तीन वर्षांचे असताना फ्रेंच राज्यक्रांती झाली. क्रांतीने जुन्या गोष्टी मोडल्या, तशा काही नव्या संस्थाही दिल्या. अभियंते घडवणारी पॅरिसची 'एकोल पोलितेक्निक' ही त्यांतलीच एक. १८०४ मध्ये विका तिथे दाखल झाले. त्यानंतर रस्ते आणि पूल बांधणाऱ्या सरकारी अभियंत्यांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि ते सरकारी नोकरीत लागले.

१८१२ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, दोर्दोन्य नदीवर सुयाक या गावी पूल बांधण्याचे काम त्यांच्याकडे आले. पॅरिसहून दक्षिणेला तुलूझकडे जाणारा मोठा रस्ता इथे नदी ओलांडतो. दोर्दोन्य ही वेगाने वाहणारी, पूर येणारी नदी. पात्रातला खडकही सलग नाही, चुनखडीचा आणि पोकळ्या असलेला. अशा ठिकाणी पाण्याखाली पाया घालायचा तर पाण्यात घट्ट होणारा चुना हवाच. इटलीतली राख आणायची तर खर्च अफाट. आसपासच्या खाणींचा चुना वापरावा, तर तो टिकेल याची खात्री कोण देणार?

नेमक्या त्याच काळात नेपोलियनची युद्धे शिगेला पोहोचली होती. सरकारची तिजोरी सैन्यासाठी रिकामी होत होती आणि पुलासाठी पैसे येईनात. काम रखडले. एखाद्या तरुण अभियंत्याने बदली मागितली असती, किंवा दिवस ढकलले असते. विका यांनी हा वेळ प्रयोगांना दिला. सुयाकमध्येच त्यांनी चुन्याचा अभ्यास सुरू केला, आणि पुढची सुमारे पन्नास वर्षे तो थांबला नाही.

विणकामाची सुई

विका यांनी पहिली गोष्ट केली ती मोजमाप ठरवण्याची. चुना 'घट्ट झाला' असे गवंडी म्हणतो, पण म्हणजे नेमके काय? एकजण बोटाने दाबून बघतो, दुसरा थापीने. दोघांचे मत जुळेलच असे नाही.

त्यांनी विणकामाची एक सुई घेतली. जाडी १.२ मिलिमीटर. तिचे टोक कानशीने घासून सपाट केले आणि वर ३०० ग्रॅम वजन ठेवले. विरवलेल्या चुन्याचा घट्ट गोळा भांड्याच्या तळाशी बसवायचा, वरून पाणी भरायचे आणि रोज ही सुई त्यावर टेकवून बघायची. ज्या दिवशी सुईची खूण उमटत नाही, त्या दिवशी चुना बसला असे धरायचे. मग तो फ्रान्सच्या कोणत्याही गावचा असो आणि बघणारा कोणीही असो.

इतक्या साध्या साधनाने त्यांनी चुन्यांची वर्गवारी केली. काही चुने पाण्यात कितीही दिवस ठेवले तरी मऊच राहत. काही पंधरा ते वीस दिवसांनी बसत आणि पुढे सावकाश घट्ट होत. काही सहा ते आठ दिवसांत बसत. आणि सर्वांत जोरकस चुने दुसऱ्या ते चौथ्या दिवशीच बसत. महिन्याभरात ते चांगले कठीण होत आणि सहा महिन्यांनी तर चुनखडीच्या दगडासारखे फुटत. पुढे प्रत्येक चुन्याचे रासायनिक पृथक्करण जोडून पाहिले तेव्हा चित्र स्पष्ट झाले. चुनखडीत मातीचा, म्हणजे प्रामुख्याने सिलिका आणि अॅल्युमिना यांचा अंश जितका वाढतो, तितका चुना पाण्यात लवकर बसतो. या दोहोंच्या प्रमाणावरून चुन्याचा गुण आधीच सांगता येईल, असा अंकच त्यांनी पुढे काढून दिला.

आपल्या कंकराचे कोडेही इथे सुटते. कंकराच्या गाठी मातीत तयार होतात आणि त्यांच्यात माती मिसळलेली असतेच. त्यामुळे त्यांच्या चुन्याला पाण्यात बसण्याचा गुण आपोआप येतो. आपल्या गवंड्यांनी अनुभवाने जे धरून ठेवले होते त्यामागचे कारण हे होते.

निसर्गाने नाही दिले, तर आपण करू

खरा मोठा टप्पा यापुढचा. माती असलेला चुना पाण्यात बसतो हे एकदा कळल्यावर विका यांनी उलटा प्रश्न विचारला : शुद्ध, बिनमातीचा चुना घेऊन त्यात आपणच माती मिसळली आणि पुन्हा भाजला तर?

त्यांनी विरवलेल्या चुन्यात चिकणमाती कालवली, त्याचे गोळे केले, वाळवले आणि भट्टीत भाजले. तयार झालेला चुना पाण्यात बसला. अगदी शुद्ध चुना असेल तर शंभरात वीस भाग माती पुरे, मुळातच थोडी माती असेल तर दहा किंवा त्याहूनही कमी चालते, असे प्रमाण त्यांनी प्रयोगांनी ठरवले. मातीचे प्रमाण तेहतीस ते चाळीसपर्यंत नेले तर भाजलेला गोळा पाण्याने विरत नाही. पण तो दळून पाण्यात कालवला तर फार लवकर घट्ट होतो, हेही त्यांनी नोंदवले. भाजलेला गोळा दळायचा, पाण्यात कालवायचा आणि तो बसायचा. हे वर्णन आजच्या सिमेंटच्या अगदी जवळ येते.

केवळ चुना आणि माती शेजारी शेजारी ठेवून हे होत नाही. त्यांना एकत्र भाजावे लागते, हा यातला मर्माचा मुद्दा. भट्टीच्या उष्णतेत चुना आणि मातीतली सिलिका यांचा संयोग होतो. हा नवा पदार्थ पाण्याशी मिळून कठीण होतो. त्याला हवेची गरज उरत नाही. म्हणजे जे पाणी साध्या चुन्याचा नाश करत होते, तेच या चुन्याला घट्ट करू लागले.

१८१८ मध्ये विका यांनी बांधकामाचा चुना, काँक्रीट आणि माल यांवरच्या आपल्या प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. फ्रान्सच्या विज्ञान अकादमीनेही त्यांच्या निष्कर्षांना मान्यता दिली. इकडे सुयाकच्या पुलालाही पैसे मिळू लागले. पाण्याखालच्या पायासाठी विका यांनी आपल्याच अभ्यासातून ठरवलेल्या चुन्याचे काँक्रीट वापरले. १८२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सात कमानींचा तो दगडी पूल पुरा झाला. आज दोनशे वर्षांनंतरही तो उभा आहे, आणि त्याला विका यांचेच नाव दिलेले आहे.

पेटंट घेतले नाही

आता ज्या गोष्टीमुळे विका आम्हाला केवळ हुशार अभियंता न वाटता मोठा माणूस वाटतात, ती सांगतो.

तो काळ पेटंटांचा होता. इंग्लंडमध्ये जेम्स पार्कर यांनी १७९६ मध्ये आपल्या 'रोमन सिमेंट'चे पेटंट घेतले होते. लीड्सचे गवंडी जोसेफ आस्पडिन यांनी १८२४ मध्ये 'पोर्टलँड सिमेंट' या नावाने पेटंट घेतले. आज जगभर चालते ते नाव तिथून आले. विका यांच्या हाती तर त्यांच्या आधीच कृत्रिम चुन्याची पूर्ण रीत आलेली होती. पूल, कालवे, बंदरे, किल्ले या सर्वांना तिची गरज होती. पेटंट घेतले असते तर प्रत्येक पोत्यामागे पैसा मिळाला असता.

त्यांनी तसे केले नाही. सगळी प्रमाणे, भाजण्याची पद्धत, तपासण्याची रीत छापून टाकली. ज्याला हवे त्याने वापरावे. पॅरिसजवळ म्यूदों इथे खडू आणि चिकणमाती पाण्यात दळून, त्याच्या विटा करून भाजण्याचा कारखाना दुसऱ्यांनी काढला, तो याच ज्ञानावर. विका सरकारी अभियंता म्हणून आपल्या पगारावर काम करत राहिले.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. कृत्रिम चुना करता येतो हे खरे, पण जिथे चांगला नैसर्गिक दगड जवळच आहे तिथे तो वापरणे स्वस्त. मग तो दगड कुठे कुठे आहे, हे शोधायला ते निघाले. पुढची अनेक वर्षे त्यांनी फ्रान्सचे जिल्हे पिंजून काढले, खाणीखाणीतून नमुने घेतले, तपासले आणि निकाल छापले. पाण्यात बसणारा चुना देणाऱ्या खाणी आधी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या माहीत होत्या. त्यांच्या शोधानंतर त्यांची संख्या शेकड्यांत गेली. गावोगावच्या छोट्या अभियंत्याला आपल्या पुलासाठी चुना कुठून आणायचा हे घरबसल्या कळू लागले. किती सरकारी पैसा त्यातून वाचला असेल याचा विचार करा.

देशाने याची जाणीव ठेवली. १८४० च्या दशकात फ्रेंच संसदेने त्यांना राष्ट्रीय मानधन मंजूर केले. ज्याने कोट्यवधींचा लाभ सोडून दिला त्याला उतारवयात देशाने केलेला तो मानाचा मुजरा होता.

टिकते की नाही, हे काळच सांगतो

विका यांचे नाव सुईमुळे चुना आणि सिमेंटशी जोडले गेले. पण त्यांच्या कामाचा गाभा अधिक व्यापक होता. एखादी गोष्ट आज मजबूत आहे एवढे त्यांना पुरत नसे. उद्या, दहा वर्षांनी, पन्नास वर्षांनी ती तशीच राहील का, हा त्यांचा प्रश्न असे.

याचे एक उदाहरण लोखंडी तारांचे. त्या काळी फ्रान्समध्ये तारांचे झुलते पूल मोठ्या संख्येने होऊ लागले होते. विका यांनी स्वतः आर्जांता या गावी असा पूल बांधला, आणि तारांचे दोर जागेवरच, हवेत, तार तार करून विणण्याची पद्धतही सुचवली. अशा तारेवर किती वजन टाकले की ती तुटते हे सगळेच तपासत. विका यांनी वेगळा प्रयोग केला. त्यांनी तारांना वजने टांगली आणि ती जवळपास तीन वर्षे तशीच राहू दिली. तुटण्याच्या वजनाच्या चौथा हिस्सा भार असलेली तार जशीच्या तशी राहिली. त्याहून जास्त भाराच्या तारा मात्र दिसामासाने लांबत गेल्या. १८३४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाराखाली पदार्थ काळाच्या ओघात हळूहळू ताणला जातो, याला आज अभियंते 'क्रीप' म्हणतात आणि काँक्रीटच्या पुलांचा हिशेब मांडताना तो धरावाच लागतो. त्याची ही अगदी सुरुवातीची नोंद.

दुसरे उदाहरण समुद्राचे. नदीच्या पाण्यात उत्तम टिकलेला माल बंदरांच्या कामात काही वर्षांत भुसभुशीत होऊ लागला, अशा तक्रारी येत होत्या. विका तेव्हा साठी ओलांडून गेले होते. ज्या चुन्यावर त्यांनी आयुष्य वेचले त्याच्याच विरुद्ध जाणारी ही बाब. त्यांनी ती बाजूला सारली नाही. उलट त्यावर नव्याने काम सुरू केले. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार मालातल्या चुन्याची जागा घेतात आणि त्यामुळे माल आतून पोखरला जातो, असे त्यांनी दाखवले. अशा क्षारांच्या पाण्यात नमुने बुडवून ठेवले तर समुद्रात जे घडायला वर्षे लागतात ते प्रयोगशाळेत लवकर दिसते, हा मार्गही त्यांनी वापरला. या अभ्यासाचे पुस्तक १८५७ मध्ये निघाले, तेव्हा त्यांचे वय एकाहत्तर होते.

आजही समुद्रकाठी, सांडपाण्याच्या कामात किंवा क्षारयुक्त जमिनीत बांधकाम करताना सिमेंट वेगळे निवडावे लागते. गोव्यात किंवा कोकणात ज्यांची घरे आहेत त्यांना खाऱ्या हवेचा आणि पाण्याचा त्रास ठाऊकच आहे. त्या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध पाठपुरावा करणाऱ्या पहिल्या काही लोकांत विका होते.

१० एप्रिल १८६१ रोजी ग्रेनोबल इथे त्यांचे निधन झाले. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उभा राहिला तेव्हा त्यावर फ्रान्सच्या ७२ वैज्ञानिकांची आणि अभियंत्यांची नावे कोरण्यात आली. त्यांत विका यांचे नाव आहे. त्यांचे चिरंजीव जोसेफ यांनी १८५३ मध्ये सिमेंटचा व्यवसाय सुरू केला होता. तो आजही चालू आहे.

सिमेंटचा शोध एकट्या विका यांनी लावला, असे म्हणणे मात्र बरोबर होणार नाही. स्मीटन त्यांच्या आधी होते. आजचे पोर्टलँड सिमेंट सुमारे १४५० अंश सेल्सिअसला भाजून करतात आणि ते इंग्लंडमधल्या अनेकांच्या प्रयत्नांतून पुढे आले. सिमेंट घट्ट होताना रासायनिकदृष्ट्या काय घडते हे हेन्री ल शातेलिए यांनी १८८७ मध्ये आपल्या प्रबंधात उलगडले. विका यांचे श्रेय असे, की नशिबावर सोडलेली गोष्ट त्यांनी मोजता येईल आणि हवी तशी करता येईल अशी केली.

आपल्याकडे विका

विका यांचे काम भारतात फार लवकर पोहोचले. त्यांच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद १८३७ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. तो करणारे कॅप्टन जे. टी. स्मिथ हे मद्रास इंजिनिअर्सचे अधिकारी होते. अनुवादात त्यांनी स्वतःच्या टिपांची भरही घातली. म्हणजे फ्रेंच अभियंत्याचे हे ज्ञान इंग्रजी वाचकांपर्यंत नेण्याचे काम दक्षिण हिंदुस्थानात नोकरी करणाऱ्या एका माणसाने केले.

आपल्या हैदराबादच्या आसपास पाहिले तरी या कथेचे धागे सापडतात. मुसी नदीवरचा पुराना पूल १५७८ साली इब्राहिम कुतुबशहाच्या कारकिर्दीत बांधला गेला. दगड आणि चुन्याचे ते बांधकाम १९०८ च्या महापुराचे तडाखे खाऊनही, डागडुजी होऊन, उभे आहे. ते बांधणाऱ्या कारागिरांकडे विका यांची सुई नव्हती. हाताला आलेला अनुभव होता. ज्या विश्वेश्वरय्यांना त्या महापुरानंतर निजाम सरकारने मुसीच्या बंदोबस्तासाठी बोलावले, ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे विद्यार्थी आणि मुंबई इलाख्यातले अभियंता. त्यांनी पुढे म्हैसूर संस्थानात कृष्णराजसागर धरण उभे केले ते चुना-सुरखीत. विका यांनी ज्याचे कारण शोधले, ती भाजलेली माती आणि चुना यांचीच ती जोडी.

आणखी एक जवळची गोष्ट. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या शहाबादी फरशी आहे. ही फरशी म्हणजे चुनखडीचाच दगड. शहाबाद, वाडी, तांडूर हा सगळा पट्टा चुनखडीचा आहे, म्हणूनच तिथे सिमेंटचे कारखाने उभे राहिले. याच कलबुर्गी जिल्ह्यात आज विका यांच्या नावाच्या फ्रेंच कंपनीचाही एक कारखाना आहे. सुयाकच्या काठी सुरू झालेली गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातल्या फरशीच्या दगडापर्यंत येऊन पोहोचली ती अशी.

घर बांधताना

विका यांच्या सुईचा उपयोग आज काय, असे तरुण सभासद विचारतील. भारतीय मानकांप्रमाणे सिमेंटची पहिली परीक्षा याच सुईने होते. साचा ४० मिलिमीटर उंचीचा, सुईचे टोक एक चौरस मिलिमीटरचे आणि वजन तेच, ३०० ग्रॅम. साधे सिमेंट कालवल्यापासून तीस मिनिटांच्या आत बसू लागता कामा नये, नाही तर गवंड्याला माल लावायला वेळ मिळणार नाही. आणि सहाशे मिनिटांच्या आत पूर्ण बसले पाहिजे. मग तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी ठोकळे दाबून ताकद बघतात. सिमेंटच्या पोत्यावर ४३ किंवा ५३ असा जो ग्रेड लिहिलेला असतो तो याच अठ्ठावीस दिवसांच्या ताकदीचा.

पण पोत्यातले सिमेंट कितीही चांगले असले तरी कामावर त्याचे काय होते यावर सगळे अवलंबून असते. माल घट्ट असावा आणि दगड-विटा आधी भिजवून घ्याव्यात, असा विका यांचा आग्रह होता. आपल्याकडे बऱ्याच कामांवर आजही नेमके उलटे होते. काम सोपे व्हावे म्हणून मालात पाणी ओतले जाते आणि विटा कोरड्याच लावल्या जातात. जास्तीचे पाणी उडून गेले की त्याच्या जागी बारीक पोकळ्या उरतात. तेवढी ताकद कमी होते आणि पुढे त्यांतूनच पाणी झिरपून आतली सळई गंजते. स्लॅब टाकल्यावर सात-दहा दिवस पाणी मारायचे असते, ते तीन दिवसांत थांबते. कारण सिमेंट घट्ट होते ते वाळल्यामुळे, असाच समज असतो. खरे तर सिमेंट पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. विका यांनी दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिलेली ही गोष्ट घर बांधणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. कंत्राटदाराला निदान एवढा प्रश्न तर आपण विचारू शकतो.

आपल्यापैकी ज्या ज्येष्ठ सभासदांनी धरणे, कालवे, पूल यांवर काम केले आहे, त्यांच्याकडे चुना-सुरखीच्या काळातले ज्ञान आहे. घाणीत माल किती वेळ मळायचा, सुरखीला कसली वीट घ्यायची, कंकर कुठला चांगला, हे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांनी ते मंडळाकडे लिहून द्यावे, किंवा मुलांसमोर येऊन सांगावे, ही आमची विनंती. विका यांनीही आपल्याजवळचे सगळे लिहून, छापून, दुसऱ्यांच्या हाती दिले होते. त्यामुळेच ते आपल्यापर्यंत आले.